वाळूवर काढलेली गाडी

यंदा चवथीला घरी गेले होते. आमचं घर गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईहून आत, म्हादई नदीच्या अंगाला. दुपारची आरती झाली, पंगती उठल्या आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळाफुलांचं छत बांधलेल्या, खोलीबाहेर पडवीत मंडळी सुपारी कातरत बसली. दरवर्षी तिथं सुपारीचा दर, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरणारी माकडं, पंचायतीतली भांडणं असे विषय चालतात. या वेळी दोन तास एकाच गोष्टीवर वाद झाला: माझा धाकटा भाऊ घेऊ म्हणतोय ती पाच दारांची थार रॉक्स.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महिंद्राची थार २०१० साली आली तेव्हा ती कापडी छताची, मागे आडव्या बाकांची, जवळजवळ जुन्या जीपसारखीच होती. २०२० च्या २ ऑक्टोबरला तिचं नवं रूप आलं आणि शहरातल्या माणसांनी तिच्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली. सुरुवात १२ लाख ९९ हजारांना, आणि सगळी हौस पुरवायची म्हटली तर बावीस लाखांच्या वर. छताला भलीमोठी काच, गार वारा सोडणाऱ्या खुर्च्या, चहूबाजूंना कॅमेरे, पुढं अडथळा दिसला तर आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा.

माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, कुळेहून दूधसागरला पर्यटकांना नेणारी जीप चालवतो. पावसाळा सरला की त्याचा हंगाम सुरू होतो. अभयारण्यातला दगडाधोंड्यांचा रस्ता, वाटेत नदीचं पाणी, मागे दाटीवाटीनं बसलेली माणसं. त्याला मनापासून राग आला होता. "आमकां ती कांच कित्याक रे?" तो म्हणाला. "पाण्यात घातली की चालली पाहिजे आणि बिघडली की रस्त्यावर दुरुस्त झाली पाहिजे. बाकी सगळं मुंबईवाल्यांसाठी. कष्टाची एक गाडी होती, तीही साहेबांनी नेली."

भावजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, हे अजिबात पटलं नाही. ते पर्वरीला राहतात, पणजीत कामाला जातात. "तुझ्या जीपमध्ये एकदा बसलो आणि आठ दिवस कंबर धरून बसलो होतो," ते म्हणाले. "कंपनीनं जन्मभर तिथंच का राहायचं? लँड रोव्हर बघ. शेतकऱ्याची गाडी होती. आज आपल्या टाटांची आहे आणि तिची डिफेंडर कोटीच्या घरात जाते. महिंद्रा तिथं पोचली तर मला अभिमानच वाटेल."

मग सगळे माझ्याकडे वळले. भाऊ म्हणाला, "ताई, तू राहतेस ती लँड रोव्हरच्या मुलखात. तूच सांग, घेऊ की नको?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. सुट्टी संपली, परत आले, आणि रोज कामावर जाता-येता तेच मनात घोळत राहिलं. त्या पडवीत जे बोलायला हवं होतं ते इथं लिहिते आहे.

मी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या पॉविस परगण्यात राहते आणि घरोघर फिरणारी नर्स म्हणून काम करते. माझे पुष्कळसे रुग्ण मेंढपाळ शेतकरी आहेत, बहुतेक म्हातारे, डोंगरउतारावर एकेकटी घरं करून राहिलेले. कुणाच्या पायाची जखम बांधायची, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाच्या शेवटच्या आठवड्यांत वेदना कमी ठेवायच्या. २०११ पासून ही अंगणं मी पाहते आहे, आणि अंगणात उभी असलेली गाडी पाहिली की घरची परिस्थिती अर्धी कळते. मी आले तेव्हा बऱ्याच अंगणांत जुनी डिफेंडर, म्हणजे मूळ लँड रोव्हरचीच पुढची पिढी, असायची. दारावर पोचे आलेले, मागे कुंपणाची तार, गवताचा भारा आणि कुत्रा. आज त्याच अंगणात जपानी पिकअप उभा असतो, टोयोटाचा हायलक्स नाहीतर इसुझूचा डी-मॅक्स. डिफेंडर असलीच तर ती गोठ्यात, ताडपत्रीखाली, कुलूपबंद. हौशी लोकांनी तिचे भाव चढवून ठेवलेत, त्यामुळे ती चोरीला जाते.

माझ्या एका रुग्णाचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या घरी तीन पिढ्या लँड रोव्हर चालली. सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची जुनी डिफेंडर २९ जानेवारी २०१६ ला बाहेर पडली, तो दिवस त्यांना पाठ आहे. पट्टी बदलत असताना एकदा मला म्हणाले, "गाडी कुठं बंद झाली? बंद आम्ही झालो." दादाचा चेहरा पडवीत पाहिला तेव्हा मला हेच वाक्य आठवत होतं.

लँड रोव्हरचा जन्म वेल्सच्याच वाळूवर झाला. रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची अँगलसी बेटावर शेती होती आणि युद्धानंतर मिळालेली अमेरिकन विलिस जीप ते तिथं वापरत. ती मोडल्यावर दुसरी काय घ्यायची, हा प्रश्न पडला, आणि १९४७ मध्ये रेड व्हार्फ बेच्या किनाऱ्यावर त्यांनी ओल्या वाळूत आपल्या गाडीचा आकार काढून भावाला दाखवला, असं सांगतात. मी त्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेले आहे. ओहोटीला तिथं नजर पोचेपर्यंत वाळू उघडी पडते. वर्षभरात, ३० एप्रिल १९४८ ला, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी मांडली गेली. पोलादाला रेशन होतं म्हणून अंग ॲल्युमिनियमचं. इंजिनाला पट्टा जोडून मळणीयंत्र नि करवत चालवता यायची. किंमत ४५० पौंड.

दादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे, कारण तुझी जीपही त्याच विलिसच्या पोटची. महिंद्रानं मुंबईत १९४९ मध्ये त्याच जीपचे सुटे भाग आणून जुळणी सुरू केली. म्हणजे माझ्या रुग्णाच्या गोठ्यातली गाडी आणि तुझी गाडी मावसभावंडं झाली. थोरल्या घराण्यात जे झालं ते धाकट्याला ऐकून ठेवलेलं बरं.

भावजींना वाटतं कंपनी हुशारीनं वर गेली. दादाला वाटतं कंपनी लोभानं वर गेली. घडलं ते या दोन्हीपेक्षा गुंतागुंतीचं आहे. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली तेव्हा तीसुद्धा कामाचीच गाडी होती. आतल्या खुर्च्या रेक्झिनच्या, खाली रबर, चिखल झाला तर पाण्याचा पाइप आत सोडून धुऊन काढायची. चार दारं यायला १९८१ उजाडलं. गालिचे, चामडं, लाकडाची पट्टी हे हळूहळू आलं. आणि त्याच वर्षांत खालची बाजारपेठ कंपनीच्या हातातून निसटत होती. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या ज्या वाटांवर फक्त लँड रोव्हर दिसायची तिथं टोयोटाची लँड क्रूझर शिरली, कारण ती कमी मोडायची आणि तिचे भाग मिळायचे. खाली हरलं की कारखाना वर पैसा शोधतो. मग मालक बदलत गेले: १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, २००० मध्ये फोर्ड, आणि २००८ मध्ये टाटा, जग्वारसकट २.३ अब्ज डॉलरला. जुनी डिफेंडर शेवटी थांबली त्यात प्रदूषणाचे आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नवे नियमही होते. तिचा चौकोनी ॲल्युमिनियमचा देह त्यांत बसणारा नव्हता.

नवी डिफेंडर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला दाखवली. ती स्लोव्हाकियातल्या नित्रा गावी बनते. खाली पूर्वीची शिडीसारखी चौकट नाही, अख्खं अंग एकसंध आहे. ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, साडेतीन टन ओढते, जुनीपेक्षा प्रत्येक कामात सरस आहे, आणि साठ हजार पौंडांच्या आसपास सुरू होते. २०२३ मध्ये कंपनीनं रेंज रोव्हर, डिफेंडर, डिस्कव्हरी आणि जग्वार अशी चार घराणी मांडली, आणि 'लँड रोव्हर' हे नाव मागच्या ओळीत गेलं. ज्या नावात जमीन होती ते नाव. मला याचं वाईट वाटलं, आणि ते मी इथल्या कुणाजवळ फारसं बोलले नाही, कारण मी इथली नव्हे.

बिल्थ वेल्सजवळ दर जुलैत रॉयल वेल्श शो भरतो. तिथं या गाड्यांचे मालक तावातावानं वाद घालतात, अगदी आमच्या पडवीसारखा. एकजण म्हणतो नवीला डिफेंडर म्हणू नका. नवी घेतलेली बाई म्हणते, मी घोड्यांची गाडी ओढून रोज डोंगर चढते, आधीच्या गाडीत माझे हात बधिर व्हायचे. दोघंही खरं सांगतात. ज्याला दोन्ही परवडत नाहीत तो मात्र त्या घोळक्यात नसतो. तो पलीकडे जुन्या पिकअपमध्ये मेंढे चढवत असतो.

आता जुन्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांना, म्हणजे दादा तुला, मला एक कडक गोष्ट सांगायची आहे. मी नर्स आहे. जुनी डिफेंडर शेवटच्या दिवसापर्यंत एअरबॅगशिवाय विकली गेली. आपल्या बाबांची जीप तुला आठवते? खाणीवरच्या लिलावात घेतलेली. चोर्ल्याच्या घाटात ती कलंडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईचा खांदा तेव्हापासून वर उचलत नाही. केस विंचरायला तिला आजही कुणीतरी लागतं. त्या गाडीत पट्टे नव्हते, वर आधाराची नळी नव्हती, काहीच नव्हतं. म्हणून 'पूर्वीची गाडी ती गाडी' असं कुणी म्हटलं की माझ्यानं मान डोलवत नाही. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच. हे तारे म्हणजे आईच्या खांद्यासारखे खांदे वाचणं आहे, आणि ते मला साहेबी थाट वाटत नाही.

पण इथंच मला महिंद्राची किंमतपत्रिका नीट वाचावीशी वाटली, आणि वाचल्यावर मला खरा मुद्दा सापडला. सहा एअरबॅग रॉक्सच्या सगळ्यात खालच्या नमुन्यातही आहेत. म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट महाग नाही, ती तेरा लाखांतही मिळते. मग वरच्या पैशांत काय मिळतं? काच मिळते, गार खुर्ची मिळते, आणि त्यांच्याच सोबत मिळते चारही चाकांना ओढ देणारी, चिखलापाण्यातून गाडी बाहेर काढणारी फोर-बाय-फोर यंत्रणा. पेट्रोलच्या रॉक्सला ती नाहीच. डिझेललाही वरच्या नमुन्यांतच; गाडी आली तेव्हा चार चाकांच्या ओढीची सुरुवात १८ लाख ७९ हजारांना होती. तीन दारांच्या थारचंसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये नुसत्या मागच्या चाकांवर चालणारं रूप आलं, ९ लाख ९९ हजारांना, आणि स्वस्त थार म्हणजे ती असं ठरून गेलं.

जीपला जीप करणारी जी एक गोष्ट, तीच चैनीच्या यादीत जाऊन बसली. पडवीत दोन तास आपण काचेवर भांडलो, पण काच कुणी फुकट दिली तरी तिनं दादाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते साध्या गाडीतून चार चाकांची ओढ काढून घेतल्यानं. थोरल्या घराण्यातही हेच झालं होतं. २०११ मध्ये रेंज रोव्हर इव्होक आली तिचा एक नमुना फक्त पुढच्या चाकांवर चालणारा होता. नाव डोंगराचं, चाल शहराची. तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी लक्ष दिलं नाही, आपली डिफेंडर तर आहे म्हणाले. पाच वर्षांनी ती नव्हती.

आणि एकदा खालची पायरी काढली की ती परत बसत नाही. याचं उदाहरण इथंच घडलं आहे. जुनी डिफेंडर गेल्यावर इनिऑस या रसायन कंपनीचे मालक जिम रॅटक्लिफ यांनी तशीच साधी, दणकट गाडी पुन्हा बनवायचं ठरवलं. लंडनमधल्या ज्या मद्यगृहात ही कल्पना निघाली त्याचंच नाव गाडीला दिलं, ग्रेनेडियर. फ्रान्समधल्या हांबाखचा कारखाना घेतला, बीएमडब्ल्यूची इंजिनं घेतली, शिडीची चौकट ठेवली. गाडी सच्ची झाली. पण तिची किंमतही नव्या डिफेंडरच्याच पंगतीतली. ज्याचा हेतूच शेतकऱ्याची गाडी परत आणायचा होता त्यालासुद्धा ती शेतकऱ्याच्या पैशात बसवता आली नाही. थोडक्या गाड्या काढायच्या, नियम पाळायचे, नवा कारखाना चालवायचा, हे सगळं स्वस्तात होत नाही. स्वस्त गाडी वर्षानुवर्षं, मोठ्या संख्येनं, न थांबता काढत राहिलं तरच स्वस्त राहते. भावजी, महिंद्राकडे ती गोष्ट आज आहे. चार चाकांच्या ओढीची तीन दारांची थार आहे, साधी बोलेरो आहे, मागे माल घालायची कँपर आहे. तुम्हाला अभिमान वाटायचाच असेल तर त्यांचा वाटू द्या.

टाटांबद्दलही एक शब्द. २००८ मध्ये इथली माणसं भारतीय मालक म्हणून कुरकुरत होती, आज तेच लोक टाटांनी कारखाना जगवला म्हणतात, आणि मला ते ऐकून बरं वाटतं. २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होते, तेही बरं. पण मालकी आपली असणं वेगळं आणि गाडी आपल्या रस्त्यावर, आपल्या कामाला असणं वेगळं. सत्तरीतल्या माणसाला त्या पुण्याच्या जुळणीतून काही मिळत नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस इथं पूर्वेकडून असं वादळ आलं की तीन-चार दिवस कुंपणंही बर्फाखाली गेली. माझ्या छोट्या गाडीला अंगणातून निघता येईना. इन्सुलिनवाले रुग्ण वाट बघत होते. अशा वेळी इथं चारही चाकांच्या ओढीच्या गाड्यांचे मालक स्वयंसेवक म्हणून नर्सेसना घरोघर नेतात. मला न्यायला आलेल्या माणसाची डिस्कव्हरी वीस वर्षांची होती, आतला गालिचा फाटून वर आला होता, हीटर एकाच बाजूला गरम हवा सोडायचा. त्या दिवशी आम्ही अकरा घरं केली. आणि जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला, सत्तरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना उंचावर नेलं ते शेजाऱ्याच्या जुन्या जीपनं. भावानं त्या रात्री फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला होता, मी इथं स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

दोन्हीकडे धावून आली ती नवी गाडी नव्हती. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी नवी घेतलेली, तीन हात फिरून साध्या माणसाकडे आलेली गाडी होती. कामाच्या गाड्या बहुतेकांना अशाच मिळतात. म्हणून आज शोरूममध्ये काय विकलं जातं याची काळजी मला त्या शोरूमला कधीच न जाणाऱ्या माणसासाठी वाटते. २०४५ मध्ये वाळपईच्या गॅरेजात तिसऱ्या हाताची रॉक्स आली तर तिचे कॅमेरे, पडदे नि तारा कोण दुरुस्त करणार? आणि तिला मागचीच चाकं ओढत असतील तर पुराच्या रात्री ती काय कामाची? वेल्समध्ये मला याचं उत्तर दिसतं आहे. माझ्या रुग्णांची मुलं जुने जपानी पिकअप घेतात. पंधरा वर्षांची महागडी गाडी फुकट दिली तरी घेत नाहीत, कारण एक भाग बदलायला गाडीच्या किमतीइतके पैसे पडतात.

आमच्या गोव्यात या गाडीवर आणखी एक ओझं आहे. किनारपट्टीवर भाड्यानं देतात त्या गाड्यांत थार अमाप आहेत, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. चार दिवसांसाठी आलेली पोरं ती समुद्रकिनाऱ्यावर घालतात, मनाई असूनसुद्धा. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथं टायरचे ठसे उमटतात. ज्या गाडीच्या घराण्याची सुरुवात वाळूत काढलेल्या चित्रापासून झाली तिचं हे असं होणं मला सहन होत नाही. माझी वहिनी म्हणाली, थार घेतली तर म्हापशात लोक आपल्याकडे रागानं बघतील. गाडी कामाची राहिली नाही, मजेची झाली, की गावही तिच्याकडे तसंच बघायला लागतं. लंडनमध्ये शाळेत मुलं सोडणाऱ्या रेंज रोव्हरला लोक कित्येक वर्षं, तिथल्या श्रीमंत वस्तीच्या नावानं, चेल्सीचा ट्रॅक्टर म्हणत आले, आणि त्यामुळे खऱ्या शेतकऱ्यालाही शहरात ती गाडी नेताना ऐकून घ्यावं लागलं.

राहिली रुंदी. ही गोष्ट पडवीत कुणीच काढली नाही. पॉविसमधले रस्ते एका गाडीचे, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, समोरून कुणी आलं की एकानं मागं जाऊन वाट द्यायची. जुनी डिफेंडर १,७९० मिलिमीटर रुंद होती. नवी १,९९६, आरसे सोडून. या जवळजवळ वीतभर फरकानं माझं रोजचं काम किती अवघड झालं आहे ते मलाच माहीत. दिवसातून चार वेळा मी मागं जाते. थारचंही तसंच चाललं आहे. पहिली १,७२६, २०२० ची १,८२०, रॉक्स १,८७०. मारुतीची जिम्नी १,६४५ च आहे आणि चारही चाकांच्या ओढीची आहे, हे मी भावाला मुद्दाम सांगितलं, पण त्याला ती खेळण्यासारखी वाटते. गावाकडचे चिऱ्याचे गडगे काही गाडीबरोबर रुंद होत नाहीत. कुळागराकडं उतरणारी आमची वाट बैलगाडीच्या मापाची आहे.

म्हणून भावाला मी गेल्या रविवारी फोन करून एवढंच सांगितलं. घ्यायची तर घे, पाच तारे आहेत, आई आणि मुलं त्यात बसणार आहेत, मला त्याचा आनंद आहे. पण मागच्या चाकांची घेऊ नकोस. पैसे कमी पडत असतील तर काच सोड, मोठी गाडी सोड, तीन दारांची, पण चार चाकांच्या ओढीची घे. कंपनीला दर महिन्याला आकडे दिसतात. चार चाकांच्या ओढीच्या साध्या गाडीचे आकडे घसरले की ती पुढच्या वेळी पत्रिकेत नसेल. आणि दादाला सोबत घेऊन जा. गाडीखाली वाकून बघायचं त्याला कळतं, त्याचा राग बाजूला ठेवून तो बघेल.

भाऊ म्हणाला, "ताई, पैशाचं सोड, आधी फाटक मोजतो."

काल त्याचा निरोप आला. कुळागराच्या फाटकाचे दोन चिऱ्याचे खांब, आजोबांनी घातलेले, त्यांच्यामधलं अंतर सहा फूट दोन इंच. म्हणजे १,८८० मिलिमीटर. रॉक्स आरसे मिटून दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर ठेवून जाईल. तो म्हणतो एक खांब हलवू. बाबा म्हणतात खांब हलणार नाही.